डिलीट दाबलं आणि अख्खी स्लाईड गेली

प्रश्न :

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. नोकरीला २७ वर्षं झाली. पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत 'चौथीचा भागाकार' या विषयावर मला २० मिनिटं बोलायचं आहे. बोलायची भीती नाही. पण केंद्रप्रमुख म्हणाले, 'बाई, पीपीटी करून आणा, पॉवरपॉइंटवर.' तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

२००५ साली इन्क्रिमेंट अडकू नये म्हणून एमएस-सीआयटी केली होती. त्यातलं फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं ते आता पडद्यावर सापडत नाही. मुलगा पुण्याला असतो. रविवारी आला की शिकवायला बसतो, पण त्याचा हात इतका भरभर चालतो की मला नुसता बाण पळताना दिसतो. 'आई, सोपं आहे गं' म्हणतो आणि स्वतःच करून टाकतो. तो गेल्यावर मी एकटीच बसले. चार स्लाईड झाल्या. मग एक शब्द खोडायला डिलीट दाबलं तर अख्खी स्लाईडच गेली. दुसऱ्या दिवशी वरची बटणांची पट्टीच नाहीशी झाली. परिषदेत बरेचसे तरुण गुरुजी असतात, ते हसतील. गावातल्या एखाद्या मुलाला पैसे देऊन पीपीटी करून घेऊ का?

ता. क. : अक्षरं गोल फिरत फिरत येतात, ते कसं करतात?

– एक शिक्षिका

उत्तर :

बाई, नमस्कार.

पैसे देऊन करून घेऊ नका. यात तत्त्वाचा प्रश्न नाही, निव्वळ व्यवहाराचा आहे. परिषदेच्या दिवशी आधीचे वक्ते लांबणार, आणि केंद्रप्रमुख तुमच्या कानाशी येऊन म्हणणार, 'बाई, २० नको, १२ मिनिटांत आटपा.' दुसऱ्याने केलेल्या पीपीटीतली कुठली स्लाईड काढायची आणि कशी, हे तुम्हाला त्या क्षणी सुचणार नाही. स्वतः केलेली असेल तर दोन मिनिटांत तीन स्लाईड बाजूला कराल.

मी तालुक्याच्या गावी १९ वर्षं संगणकाचा क्लास चालवला. टायपिंगला येणारी मुलं, इन्क्रिमेंटसाठी येणारे तुमच्यासारखे गुरुजी आणि बाई, तलाठी, ग्रामसेवक, सगळे पाहिले. सुरुवातीची कित्येक वर्षं मी चुकीचं शिकवत होते, हे आधी कबूल करते. पहिल्या दिवशी वहीत पडद्याचं चित्र काढायला लावायचे आणि प्रत्येक बटणाचं नाव लिहून घ्यायचे. मुलं पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि महिन्याभरात विसरायची. तुम्हीही बहुधा तसंच शिकलात. बटणं पाठ करून हे येत नाही, कारण बटणं दर काही वर्षांनी जागा बदलतात. तुम्ही २००५ साली शिकलात तेव्हा वर फाईल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स अशी नावं होती आणि त्यावर क्लिक केलं की खाली यादी लोंबायची. २००७ च्या आवृत्तीत ते सगळं मोडून रिबन नावाची रुंद पट्टी आली. तुम्हाला जे आठवतं ते पडद्यावर नाही, याला तुमचं वय जबाबदार नाही. घरमालकाने भिंती हलवल्या.

जे बदललेलं नाही ते मात्र एकच आहे, आणि तुमच्या गेलेल्या स्लाईडमध्ये ते अगदी स्वच्छ दिसतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

लॅपटॉप उघडा. पॉवरपॉइंटमध्ये एक नवी फाईल घ्या, बिघडली तरी चालेल अशी. डावीकडे छोट्या छोट्या स्लाईडची उभी रांग असते आणि मधोमध एक मोठी स्लाईड असते. मोठ्या स्लाईडवर 'क्लिक टु ॲड टायटल' असं लिहिलेली चौकट असेल. (ते शब्द खोडायचे नसतात. तिथे क्लिक केलं की ते आपोआप जातात, आणि चौकट रिकामी राहिली तरी पडद्यावर दाखवताना दिसत नाहीत. माझ्या क्लासमध्ये एक गृहस्थ ते एकेक अक्षर खोडायचा प्रयत्न करत अर्धा तास बसले होते.) त्या चौकटीत क्लिक करा आणि 'भागाकार' लिहा.

आता चौकटीच्या कडेकडे नीट बघा, चष्मा लावून. कड तुटक तुटक रेघांची दिसेल. कर्सर आत लुकलुकत असेल. याचा अर्थ, तुम्ही अक्षरांच्या गावात आहात. इथे डिलीट दाबलं की कर्सरच्या पुढचं एक अक्षर जाईल.

मग कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली एस्केप एकदाच दाबा. कर्सर गेला. कडेची तुटक रेघ आता सलग झाली. तुम्ही आता अक्षरांत नाही, अख्खी चौकट तुमच्या हातात आहे. इथे डिलीट दाबलं तर 'भागाकार' हा सगळा शब्द एका फटक्यात जाईल आणि रिकामी चौकट उरेल. पुन्हा दाबलंत तर ती चौकटही जाईल.

आता डावीकडच्या रांगेतल्या छोट्या स्लाईडवर एकदा क्लिक करा आणि डिलीट दाबा. अख्खी स्लाईड गेली. त्या दिवशी तुमचं हेच झालं. स्लाईड बदलायला तुम्ही डावीकडे क्लिक केलं, मोठी स्लाईड समोर आली, तिच्यातला शब्द डोळ्यांना दिसत होता म्हणून तुम्ही डिलीट दाबलं. डोळे शब्दावर होते, पण शेवटचा क्लिक डावीकडे झालेला होता. संगणकाला तुमचे डोळे दिसत नाहीत. शेवटचा क्लिक कुठे पडला एवढंच त्याला ठाऊक असतं.

तीनही वेळा तुम्ही दाबलं तेच बटण. एंटरचंही तसंच. अक्षरांत असताना एंटर दाबला की नवी ओळ येते. डावीकडच्या रांगेत क्लिक करून दाबला की नवी स्लाईड तयार होते. आणि प्रोजेक्टरवर दाखवत असताना दाबला की पुढची स्लाईड येते. अक्षरं मोठी करायची असतील तर तोच कायदा. कड सलग असताना आकार वाढवला की चौकटीतलं सगळं मोठं होईल, अक्षरांत शिरून, माऊस ओढून एकच शब्द निवडला असेल तर तेवढाच शब्द मोठा होईल. आधी धरायचं, मग सांगायचं. 'हे घे' म्हणायच्या आधी हातात काय आहे ते बघायचं.

आज संध्याकाळी एवढंच करा. क्लिक, एस्केप, डावीकडे क्लिक, आणि प्रत्येक वेळी डिलीट. मग कंट्रोल धरून झेड, म्हणजे केलेलं मागे. पॉवरपॉइंट मुळातल्या सेटिंगमध्ये २० पावलं मागे जाऊ देतो. गेलेली स्लाईड परत आलेली एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत की धसका जाईल. त्या दिवशी तुमची स्लाईड कायमची गेलीच नव्हती. फाईल बंद करेपर्यंत ती एका कंट्रोल-झेडच्या अंतरावर होती. ही माहिती तुमच्या मुलाने दिली नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. ज्यांना येतं ते चूक झाली की बोलता बोलता कंट्रोल-झेड दाबतात. आपण काही दाबलं हे त्यांचं त्यांनाही कळत नाही.

आता बाकीचा पडदा. तुम्ही जन्मभर तक्ते केलेत, तेव्हा हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. मधली मोठी स्लाईड म्हणजे टेबलावर पसरलेला, हातात घेतलेला तक्ता. डावीकडची रांग म्हणजे झालेल्या तक्त्यांचा गठ्ठा. कुठलाही तक्ता धरून वर-खाली ओढा, क्रम बदलतो. वरची पट्टी म्हणजे कात्री, डिंक, स्केचपेन ठेवलेलं कपाट. आणि खाली 'नोट्स'ची जागा असते (दिसत नसेल तर सगळ्यांत खालच्या पट्टीवर नोट्स लिहिलेलं असतं, तिथे क्लिक करा). तक्त्यामागे पेन्सिलीने आपल्यापुरतं लिहून ठेवतो ना, तशी ती. तिथे लिहिलेलं समोरच्यांना दिसत नाही.

गठ्ठ्याची ही कल्पना मी पदरची जोडलेली नाही. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं, अमेरिकेतल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीकडून, तेही फक्त मॅकिंटॉश संगणकासाठी. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ही त्यामागची माणसं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली. पहिली आवृत्ती काळी-पांढरी होती आणि तिचं मुख्य काम होतं ओएचपीच्या, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या, पारदर्शिका छापून देणं. डी.एड.ला तुमच्याकडेही ओएचपी असेल. काचेवर पारदर्शक कागद ठेवायचा, एक उचलायचा, दुसरा ठेवायचा. आज पडद्यावर जे दिसतं ते त्याच कागदांच्या गठ्ठ्याचं रूप आहे. कागद कसे हाताळायचे हे शिक्षकाला शिकवायची गरज नसते.

वरच्या कपाटात नऊ-दहा कप्पे असतात. तुम्हाला तूर्त तीनच लागतील. होममध्ये अक्षरांचा आकार, रंग आणि नवी स्लाईड. इन्सर्टमध्ये फोटो, आकृत्या आणि कोष्टक. स्लाईड शोमध्ये दाखवण्याचं काम. बाकीचे कप्पे असू द्यात. त्यांना हात लावला नाही म्हणून कुणाचं काही अडलेलं मी पाहिलेलं नाही.

तुमची पट्टी नाहीशी झाली त्याचं कारण असं. 'होम' या शब्दावर चुकून दोनदा टकटक झालं की कपाट मिटतं आणि फक्त कप्प्यांची नावं उरतात. पुन्हा कुठल्याही नावावर दोनदा टकटक करा, उघडेल. किंवा कंट्रोल धरून एफ १. वयाबरोबर बोटं थोडी थरथरतात आणि एका क्लिकचे दोन होतात. माझेही होतात. म्हणून हे लक्षात ठेवाच.

आणखी एक कप्पा आहे, त्याने माझ्या क्लासमध्ये जितकी माणसं रडकुंडीला आणली तितकी दुसऱ्या कशानेच नाही. फोटो घातलात की वर एक जादा नाव उगवतं, पिक्चर फॉरमॅट. त्यात फोटो कापायची, उजळ करायची साधनं असतात. तुम्ही फोटोच्या बाहेर कुठेही क्लिक केलंत की ते नाव गुपचूप नाहीसं होतं. माणूस म्हणतो, 'आत्ता इथे होतं, कुठे गेलं?' गेलं नाही. फोटोवर पुन्हा क्लिक करा, हजर. हातात फोटो नसेल तर फोटोची कात्री कपाटात दिसतच नाही. कोष्टकाचंही असंच. पुन्हा तोच कायदा, आधी धरा. नव्या आवृत्तीत फोटो घातल्यावर उजवीकडे डिझायनर नावाची पट्टी उघडते आणि सजावटीचे नमुने दाखवत बसते. तिच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून तिला घरी पाठवा. भागाकाराला फुलापानांची महिरप नको.

मराठी लिहिण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी गाडी तिथेच अडते, म्हणून थोडं जास्त सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका सरकारी प्रशिक्षणात मला तासाभराचं बोलायला बोलावलं होतं. मी हौसेने मराठीत स्लाईड केल्या, टायपिंगच्या जुन्या फॉन्टमध्ये. माझ्या संगणकावर झकास दिसत होत्या. तिथल्या संगणकावर पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, चौकोन, डॉलरची चिन्हं यांची खिचडी! समोर दीडशे माणसं. मागून कुणीतरी म्हणालं, 'मॅडम, हे मोडीत आहे का?' हशा झाला. मीही हसले, पण घरी येऊन जेवले नाही.

त्यात घोटाळा असा होता. त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं. फक्त त्याच्यावर मराठी मुखवटा चढवलेला असतो, आणि तो मुखवटा म्हणजे फॉन्ट. दुसऱ्या संगणकावर मुखवटा नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये 'भ' हा संगणकाच्या लेखीसुद्धा 'भ'च असतो. फॉन्ट बदलला तर वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. म्हणून युनिकोडमध्येच लिहा. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो, तो मुलाकडून एकदा चालू करून घ्या. मग विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी होतं. फॉन्ट निर्मला यूआय ठेवा.

टायपिंगचाच कंटाळा असेल तर सोपा मार्ग. मोबाईलवर माईक दाबून बोलून मजकूर लिहून घ्या, तुम्ही व्हॉट्सॲपवर लिहितच असाल. तो स्वतःलाच पाठवा, लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडून कॉपी करा आणि स्लाईडवर चौकटीच्या आत क्लिक करून पेस्ट करा. कड तुटक आहे ना, ते बघून. नाहीतर मजकूर चौकटीबाहेर भलतीकडेच जाऊन बसेल. बोलून लिहिलेलं एकदा वाचा मात्र. 'बाकी'चं 'काकी' झालेलं असू शकतं.

किती लिहायचं? यासाठी पॉवरपॉइंट स्वतःच चिमटा काढतो. नव्या कोऱ्या स्लाईडमध्ये मजकुराची अक्षरं २८ आकाराची असतात, शीर्षकाची ४४. तुम्ही ओळींवर ओळी लिहीत गेलात की ती मावावीत म्हणून तो गुपचूप अक्षरं बारीक करायला लागतो. २८ ची २४ झाली, २४ ची २० झाली, की समजा, या तक्त्यावर दोन तक्त्यांचा माल भरलाय. तिथे थांबा आणि नवी स्लाईड घ्या. केंद्रशाळेच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापकांना २० ची अक्षरं दिसत नाहीत, आणि ते तसं सांगणारही नाहीत. नुसते मोबाईल काढतील.

दाखवायची रीत अगदी थोडी आहे. एफ ५ दाबलं की पहिल्या स्लाईडपासून सुरू. काही लॅपटॉपवर त्याने उजेड किंवा आवाज कमी-जास्त होतो, तिथे एफएन धरून एफ ५ दाबा. मधूनच सुरू करायचं असेल तर शिफ्ट धरून एफ ५. पुढे जायला उजवा बाण, मागे यायला डावा, बाहेर पडायला एस्केप. आणि माझ्या आवडीचं एक बटण, बी. दाखवता दाखवता बी दाबलं की पडदा काळा होतो. लोकांच्या नजरा पडद्यावरून तुमच्याकडे येतात. मग भागाकाराच्या मोजायच्या काड्या हातात घ्या, बोला, आणि परत बी दाबा. तिथे आलेल्या तरुण गुरुजींपैकी निम्म्यांना हे माहीत नसेल, पैज लावते. हसायचं राहील बाजूला, चहाच्या वेळी विचारायला येतील.

प्रोजेक्टरची वायर जोडली आणि पडदा निळाच राहिला तर घाबरू नका. विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि 'ड्युप्लिकेट' निवडा. म्हणजे लॅपटॉपवर जे, तेच भिंतीवर. 'एक्स्टेंड' निवडलं तर तुमच्या लॅपटॉपवर नोट्स आणि भिंतीवर फक्त स्लाईड असंही करता येतं, ते फार सोयीचं आहे, पण पहिल्या वेळेला नको. दोन पडद्यांवर दोन वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या की माणूस गोंधळतो आणि भिंतीकडे बघून बाण शोधत बसतो. यंदा मुद्दे कागदावर लिहून न्या. तिथे त्यांचाच संगणक वापरायचा असेल तर फाईल पेनड्राइव्हवर घ्या आणि सोबत तिचीच पीडीएफही करून ठेवा (फाईलमध्ये सेव्ह ॲज, खाली प्रकारात पीडीएफ). काही शाळांत पॉवरपॉइंटऐवजी लिब्रे ऑफिसचं इम्प्रेस असतं. तिथे अक्षरांची साधनं उजवीकडे असतात, पण डावीकडचा गठ्ठा, मधला तक्ता आणि एफ ५ तिथेही तेच. जुना प्रोजेक्टर असला तर स्लाईडच्या वर-खाली काळे पट्टे दिसतील. दिसू द्यात.

मुलाबद्दल. पोरगं वाईट नाही, फक्त माऊस त्याच्या हातात आहे. येत्या रविवारी माऊस तुम्ही घ्या आणि त्याला सांगा, हात मांडीवर ठेवून बसायचं आणि तोंडाने सांगायचं. 'इथे' आणि 'ते' हे दोन शब्द बंद. 'डावीकडच्या रांगेत, तिसऱ्या स्लाईडवर' असं पूर्ण बोलायचं. तुम्ही वर्गात मुलांच्या हातात काड्या देता, स्वतः मोजून दाखवून मोकळ्या होत नाही. त्यालाही लहानपणी तुम्हीच असं शिकवलं असणार, आठवण करून द्या. पहिली दहा मिनिटं तो वैतागेल. वैतागू दे.

आता तुमचा ताजा कलम. खरं तर पत्रातला हाच प्रश्न तुम्ही सगळ्यांत आवडीने विचारलाय, असा मला संशय आहे. अक्षरं फिरत आणायची असतील तर चौकट धरा (कड सलग), वर ॲनिमेशन्समध्ये जा, तिथे स्विव्हल नावाचा प्रकार असतो. एकदा करून बघा, हौस फिटेल. मग कंट्रोल-झेड. 'भाज्य' हा शब्द गिरक्या घेत आला म्हणून भाज्य कुणाला जास्त कळत नाही, आणि तो येईपर्यंत तुम्हाला पडद्यापुढे ताटकळत उभं राहावं लागतं.

त्यापेक्षा हे करा. ॲनिमेशनचा कप्पा न उघडता काड्या हलवून दाखवता येतात.

१७ काड्या ५ मुलांत वाटायच्या आहेत. इन्सर्टमध्ये शेप्समधून एक लांबट चौकोन काढा, काडीएवढा. तो धरून कंट्रोल-डी दाबा, दुसरी काडी येईल. ती ओढून पहिलीच्या शेजारी नीट ठेवा आणि दुसरीकडे कुठेही क्लिक न करता पुन्हा कंट्रोल-डी दाबत राहा. तुम्ही पहिल्या दोघींत जेवढं अंतर ठेवलंत, पुढच्या काड्या तेवढ्याच अंतरावर आपणहून येऊन उभ्या राहतात. प्रार्थनेच्या रांगेत पोरं इतक्या शहाणपणाने कधी उभी राहिलेली नाहीत. १७ झाल्या की थांबा. खाली पाच गोल काढा, ती पाच मुलं. ही झाली पहिली स्लाईड.

आता डावीकडच्या गठ्ठ्यात याच स्लाईडवर क्लिक करा आणि पुन्हा कंट्रोल-डी. मघाशी काडीची नक्कल झाली होती, आता अख्ख्या स्लाईडची होईल, कारण आता हातात स्लाईड आहे. या नव्या स्लाईडवर वरच्या पाच काड्या एकेक करून ओढा आणि एकेका गोलात ठेवा. वर उरल्या १२. हिची पुन्हा नक्कल, आणखी पाच काड्या खाली, वर ७. पुन्हा नक्कल, पुन्हा पाच, वर २. चार स्लाईड झाल्या. एफ ५ दाबा आणि बाणाने पुढे जा. काड्या तुमच्या डोळ्यांसमोर वाटल्या जातील, तुम्ही म्हणाल त्या वेगाने. एखाद्या गुरुजींना नीट दिसलं नाही तर डावा बाण दाबून वाटलेल्या काड्या परत वर आणता येतात. वर्गात खऱ्या काड्या परत मागताना होते तशी रडारड इथे होत नाही.

चौथ्या स्लाईडवर काहीही लिहू नका. 'बाकी' हा शब्दसुद्धा नको. तिथे थांबा आणि समोर विचारा, 'या दोन काड्यांचं काय करायचं?' तुमच्या वर्गात दरवर्षी एक तरी पोरगं 'मोडून वाटा' म्हणत असेल. परिषदेतही कुणीतरी म्हणेलच.